लो-कार्बवर भूकच मेली आहे, आणि वजनाचा काटा रोज वेगळं सांगतो

रानजाई
नवऱ्याने लो-कार्ब सुरू करून महिना होत आला. वय ४६, उंची १६८ सेंमी, सुरुवातीचं वजन ८४. पोळी, भाकरी, भात, साखर, बटाटा बंद. मासे, अंडी, चिकन चालतं; सोमवार-गुरुवार शाकाहार, त्या दिवशी अंडंही नाही. दाबाची आणि साखरेची गोळी आधीपासून चालू आहे.

अडचणी दोन. एक म्हणजे भूक जवळजवळ नाहीशी झाली आहे. सकाळी चहा, दुपारी थोडंसं काहीतरी, रात्री ताटाकडे बघून "नको" म्हणतो. तेलकट-तुपकट समोर आलं की मळमळतं. उठताना कधीकधी गरगरतं. दुसरी म्हणजे पहिल्या आठवड्यात ३ किलो उतरले आणि आता काटा वरखाली नाचतोय. दिवसातून तीन वेळा काट्यावर चढणं आणि त्यावरून मूड ठरणं चालू आहे.

बळेच खायला लावावं का? लावायचं तर काय आणि किती? आणि वजन नेमकं मोजायचं कसं?

अनवाणी
भूक नाही म्हणजे शरीर स्वतःची चरबी जाळतंय. चांगलंच आहे की! भूक लागेल तेव्हाच खायचं, हाच तर या आहाराचा फायदा. उगाच भरवू नका.

मीठभाकर
@अनवाणी, अर्धं बरोबर आहे. एरवी कमी खाऊन वजन उतरवलं की घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक वाढतं. रक्तात कीटोन (चरबी जाळताना यकृत बनवतं ते इंधन) असताना ती वाढ दबलेली राहते, शिवाय प्रोटीन आणि फॅटने पोट जास्त वेळ भरलेलं वाटतं. त्यामुळे भूक कमी होणं अपेक्षित आहे. पण कॅलरीची तूट चरबीतून भरून निघते, प्रोटीनची नाही. प्रोटीन कमी पडलं की शरीर स्नायू मोडतं. दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस गळायला लागतात तेव्हा लोक शॅम्पू बदलतात, आणि कारण मात्र मागे राहून गेलेलं असतं.

रानजाई, बळेच भरवू नका, पण रोजचा एक किमान आकडा ठरवा. तो असा काढायचा: उंची मीटरमध्ये घेऊन तिचा वर्ग, गुणिले २३. १.६८ चा वर्ग २.८२, गुणिले २३ म्हणजे ६५ किलो. हे हिशेबापुरतं वजन. ८४ ने गुणायचं नाही. त्याला १.२ ने गुणलं की ७८. म्हणजे दिवसाला ८० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन ही तळाची रेघ, जमलं तर ९० ते ९५. मूत्रपिंडाचा त्रास असेल, क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर हा आकडा डॉक्टरांनी ठरवायचा. भूक असो वा नसो, ही रेघ गाठायची. बाकी फॅट भुकेप्रमाणे कमीजास्त चालेल.

भूक नसलेल्या माणसाला ८० ग्रॅम कसं पोचवायचं? एका ताटात नाही, चार वेळा थोडंथोडं.

मांसाहाराच्या दिवशी: सकाळी दोन अंड्यांचं ऑम्लेट आणि त्यात ५० ग्रॅम पनीर किसून, हे झाले २१-२२ ग्रॅम. दुपारी साफ केलेला १५० ग्रॅम बांगडा किंवा सुरमई (वजन कच्च्याचं, काटे सोडून), २८-३० ग्रॅम. सोबत पालेभाजी आणि अर्धी वाटी दही. संध्याकाळी मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे: ७ ग्रॅम. रात्री १०० ग्रॅम बिनहाडाचं चिकन: २२ ग्रॅमच्या आसपास. बेरीज ८० च्या वर जाते आणि एकाही वेळेला ताट भरलेलं दिसत नाही.

सोमवार-गुरुवार हे खरे अवघड दिवस. तेव्हा पनीर १५० ग्रॅम दोन वेळांत विभागून (२७ ग्रॅम), कोरड्या ३० ग्रॅम सोया वड्या (१५ ग्रॅम), चक्का १०० ग्रॅम (९-१० ग्रॅम), शेंगदाणे ३० ग्रॅम. हे ५८-६० पर्यंत जातं. उरलेल्यासाठी व्हे प्रोटीनचा, म्हणजे दुधातल्या प्रोटीनच्या पावडरीचा, एक स्कूप (२४ ग्रॅमच्या आसपास) थंड पाण्यात. डाळीवर भिस्त ठेवता येत नाही. १०० ग्रॅम कच्च्या तूरडाळीत प्रोटीन २२ पण कार्ब्ज ५५-६०. चक्का घरी बांधा, विकतचा बहुधा श्रीखंडासाठी आंबट आणि घट्ट केलेला असतो. पनीर घेताना पाकिटामागे १०० ग्रॅमला १८ च्या आसपास प्रोटीन आहे का बघा, आणि घटकांत वनस्पती तेल लिहिलेलं असेल तर ते पनीर नव्हे, ॲनालॉग, म्हणजे नकली पनीर.

मळमळीबद्दल: लो-कार्ब म्हणजे तूप ओता असं ऐकून लोक चहा-कॉफीत लोणी आणि खोबरेल घालतात. एका वेळी दोन-तीन मोठे चमचे फॅट रिकाम्या पोटी गेलं की मळमळ आणि जुलाब ठरलेले. तुमच्याकडे तसं चालू असेल तर आधी ते थांबवा. फोडणी एक-दीड चमचा तेलाची पुरे. गरम रश्श्याच्या वासानेच नको होत असेल तर थंड पदार्थ जास्त जातात: उकडलेली अंडी फ्रिजमधली, काकडीची दह्यातली कोशिंबीर, पनीरला लिंबू-मिरपूड लावून, थंड चिकनच्या पट्ट्या. ताटात आधी प्रोटीन संपवायचं, मग भाजी. जेवणाआधी ग्लासभर ताक पिऊ नये, पोट तिथेच भरतं.

आणि तो चहा. दिवसाचे चार कप, तेही जेवणाच्या आगेमागे, हे भूक मारण्याचं आपलं जुनं औषध आहे. तेवढा होत असेल तर दोनवर आणा, जेवणाच्या तासभर आधी नको.

गरगरणं बहुतेक मिठाचं. कार्ब्ज कमी झाले की इन्सुलिन उतरतं आणि मूत्रपिंडं सोडियम जास्त बाहेर टाकतात, सोबत पाणी जातं. डोकं दुखणं, पोटऱ्यांत गोळे, मळमळ, भूक न लागणं, सगळं त्यातून येऊ शकतं. दाब नसलेल्या माणसाला मी सरळ सांगितलं असतं की जेवणातल्याव्यतिरिक्त अर्धा छोटा चमचा (३ ग्रॅम) मीठ ताकातून, लिंबूपाण्यातून किंवा पायांच्या सुपातून दिवसभरात घ्या. पण इथे दाबाची गोळी आहे. उठताना गरगरतं याचा अर्थ दाब उतरलाय आणि गोळीचा डोस आता जास्त होतोय असाही असू शकतो. घरी मशीन असेल तर बसून एकदा आणि उभं राहिल्यावर एक मिनिटाने व तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरत असेल तर ते टिपण डॉक्टरांना दाखवा. स्वतःहून गोळी अर्धी करू नका, मीठही वाढवू नका. आणि "लो सोडियम" मीठ मुळीच आणू नका. त्यात पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल अशा गोळ्यांबरोबर रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं.

पोट साफ होतंय का तेही विचारा. भाकरी गेली की चोथाही जातो आणि तुंबलेल्या पोटाला भूक लागत नाही. जवसाची चटणी दोन मोठे चमचे, मेथी-पालक-दोडका-कोबी मिळून दिवसाला ४०० ग्रॅम, नाहीच जमलं तर रात्री इसबगोल दोन छोटे चमचे मोठा ग्लासभर पाण्यात. पाणी कमी घेतलं तर इसबगोलाने उलट जास्त तुंबतं.

दशांश
वजनाचं मी सांगतो.

पहिले ३ किलो चरबी नव्हती, हे त्यांना आधी पटवा. यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत ३००-५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, असतं, आणि दर ग्रॅमसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी. तो साठा बराचसा रिता झाला की दीड-दोन किलो तिथेच गेले, वर सोडियमबरोबरचं पाणी. ३ किलोंवरून पुढचा वेग काढणारा माणूस दुसऱ्या आठवड्यात निराश होणारच.

मोजायची रीत एकच ठेवा: सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहा-पाण्याच्या आधी, त्याच प्रकारच्या कपड्यांत. काटा फरशीवर, सतरंजी किंवा पायपुसण्यावर नाही. जागा बदलली की एकदा पाय टेकवून शून्य होऊ द्यायचा, मग चढायचं. दिवसातून एकदाच. संध्याकाळचा आकडा सकाळपेक्षा किलो-दीड किलोने जास्त असतो, तो पोटातल्या अन्नपाण्याचा असतो.

स्वस्त डिजिटल काट्यांत एक लबाडी असते. लगेच पुन्हा चढलं आणि फरक थोडा असेल तर मागचाच आकडा दाखवतात, म्हणजे काटा अचूक वाटतो. तपासायचं असेल तर मध्ये दोन लिटरची भरलेली बाटली हातात घेऊन चढा, उतरा, मग नुसते चढा. बाटलीसह २ किलोच्या आसपास फरक आणि नंतर पहिलाच आकडा (शंभर-दोनशे ग्रॅमच्या आत) आला तर काटा ठीक.

रोजचा आकडा लिहायचा, पण त्यावरून काही ठरवायचं नाही. ठरवायचं आठवड्याच्या सरासरीवरून. उदाहरण घ्या.

पहिला आठवडा: ७८.४, ७८.९, ७८.१, ७८.६, ७९.२, ७८.३, ७८.०. सरासरी ७८.५.
दुसरा आठवडा: ७८.२, ७७.९, ७८.८, ७७.८, ७७.६, ७८.१, ७७.७. सरासरी ७८.०.

पहिल्या आठवड्याचा शेवटचा दिवस ७८.० आणि दुसऱ्याचा तिसरा दिवस ७८.८, हे दोनच बघितले तर तीन दिवसांत ८०० ग्रॅम वाढले म्हणून घरात सुतक. प्रत्यक्षात आठवड्याला अर्धा किलो उतरतंय, म्हणजे उत्तम चाललंय. ८०० ग्रॅम चरबी चढायला जेवणावर आणखी ६००० कॅलरी खाव्या लागतील. लग्नाच्या पंगतीतही ते जमत नाही.

फोनमधल्या शीटमध्ये तीन रकाने करा: तारीख, वजन, शेरा. शेऱ्यात फक्त कारणं लिहायची: रात्री उशिरा जेवण, लोणचं-पापड, बाहेरचं खाणं, शौच नाही, झोप कमी, जिन्याचा-जिमचा जास्त व्यायाम. वर गेलेल्या दहा आकड्यांपैकी आठांचं कारण शेऱ्यात सापडतं. बायकांनी पाळीचा दिवसही लिहावा आणि या महिन्याचा आठवडा मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी ताडावा. पाळीआधी पाणी साठून किलोभर सहज वाढतं.

पहिले दोन आठवडे सोडून पुढे आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का, म्हणजे ८१ किलोला ४०० ते ८०० ग्रॅम, हा वेग बरा. आठवड्यामागे दीड किलोच्या वर सलग उतरत असेल तर खूष होऊ नका. पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. फॅट अगदी तोडूनही तोच धोका, कारण पित्ताशय रिकामंच होत नाही. दिवसातल्या एका जेवणात तरी तेल-तूप-मासा असा काही फॅट हवाच.

जोडीला टेप. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, साधा श्वास सोडल्यावर, टेप आडवा आणि त्वचेला नुसता टेकलेला. आठवड्यातून एकदा, दोनदा मोजून मधला आकडा. आपल्याकडे पुरुषांना ९० सेंमी आणि बायकांना ८० ही मर्यादा धरतात. काटा तीन आठवडे हलला नाही पण कंबर दोन सेंमी उतरली असं खूपदा होतं. आणि काट्यावर दिसणारी फॅटची टक्केवारी सोडून द्या, ती पायांतून सोडलेल्या सूक्ष्म विजेवरून काढतात. शरीरातलं पाणी कमी झालं की ती मनाला येईल ते सांगते, आणि लो-कार्बमध्ये पाणीच आधी कमी होतं.

शुश्रूषा
वरचं सगळं ठीक आहे, पण या धाग्यात पहिला प्रश्न वेगळा हवा होता. रानजाई, साखरेची गोळी कुठली? ब्रँडचं नाव नको, पाकिटावर बारीक अक्षरांत लिहिलेली औषधं सांगा. मळमळ आणि भूक नसणं हे मधुमेहाच्या औषधांबरोबर आलं की ते आहाराचंच असेल असं धरून चालत नाही.

रानजाई
पाकिटावर डॅपाग्लिफ्लोझिन १० आणि मेटफॉर्मिन ५०० लिहिलंय. दाबाची टेल्मिसार्टन ४०. आज सकाळी उपाशीपोटी साखर १३२ होती, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. उलटी नाही. डॉक्टरांना आहार बदललाय हे सांगितलेलं नाही.

शुश्रूषा
मग आज, आत्ता, डॉक्टरांना फोन करा. रात्रीच्या वेळेची वाट बघू नका.

कारण असं. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, म्हणजे नावाच्या शेवटी "ग्लिफ्लोझिन" असलेल्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्यातून शरीरातलं इन्सुलिन उतरतं आणि यकृत कीटोन जास्त बनवायला लागतं. त्यात लो-कार्ब आणि वर जेवणच नाही, म्हणजे तिन्ही गोष्टी एकाच दिशेने ओढतात. कीटोन हाताबाहेर गेले तर रक्त आम्लधर्मी होतं, त्याला कीटोॲसिडोसिस म्हणतात. एरवी त्यात साखर ३००-४०० दिसते आणि घरचे सावध होतात. या गोळ्यांवर साखर १३० किंवा १८० राहूनही ते होऊ शकतं. त्यामुळे १३२ वर निर्धास्त राहता येत नाही.

फोनवर पाच गोष्टी सांगा: दोन्ही गोळ्यांची नावं आणि डोस, लो-कार्ब कधीपासून, चोवीस तासांत काय खाल्लं, मळमळ, आणि उठताना गरगरणं. जेवण बंद पडलं किंवा उलट्या लागल्या की ग्लिफ्लोझिन थांबवायची, असा सर्वसाधारण नियम आहे; पुढची गोळी घ्यायची की नाही ते याच फोनवर विचारून घ्या. रक्तातले कीटोन तपासायला सांगतील. आहारातल्या साध्या कीटोसिसमध्ये (आहारामुळे कीटोन वाढणं) ते ०.५ ते ३ मिलिमोल प्रति लिटरपर्यंत असतात, पण ही गोळी चालू असताना त्रासासकट १.५ च्या वर आले तरी तातडीने दाखवायचं. लघवीच्या पट्टीवर विसंबू नका. ती दुसरा कीटोन मोजते, रक्तात वाढतो तो मुख्य कीटोन तिला दिसतच नाही.

उलटी, पोटात दुखणं, धाप किंवा खोल-भराभर श्वास, गुंगी, यातलं काहीही एक दिसलं तर फोनही नको. सरळ दवाखान्याच्या तातडीच्या विभागात, आणि तिथे गेल्यावर "ग्लिफ्लोझिन चालू आहे, साखर नॉर्मल असली तरी कीटोन बघा" हे वाक्य तोंडाने सांगायचं.

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर धोका उलट बाजूचा, साखर पडण्याचा. भूक नाही म्हणून जेवण चुकलं आणि गोळी मात्र घेतली की घाम, थरथर, छातीत धडधड. ७० च्या खाली असेल तर तीन छोटे चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. लो-कार्बचा हट्ट त्या वेळी नाही. नुसती मेटफॉर्मिनही भूक मारते. जेवणासोबत घेतली तर कमी.

गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने हा आहार स्वतःहून करूच नये. आणि आहार सोडूनही भूक परत येत नसेल, वजन सहा महिने-वर्षभरात पाच टक्क्यांहून जास्त आपोआप उतरत असेल, दोन आठवड्यांहून जुना खोकला किंवा संध्याकाळचा बारीक ताप असेल, तर थुंकी, छातीचा एक्स-रे आणि थायरॉइड बघायचं. "डाएट चालू आहे ना, म्हणून उतरतंय" या समजुतीत टीबी लपून राहतो.

अनवाणी
गोळीचं हे ठाऊक नव्हतं. माझा वरचा सल्ला औषध चालू असलेल्यांनी धरू नये.

रानजाई
फोन झाला, लगेच बोलावलं. कीटोन १.१, बाकी रक्त ठीक. डॅपाग्लिफ्लोझिन बंद केली, मेटफॉर्मिन जेवणासोबत घ्यायला सांगितली. टेल्मिसार्टन तूर्त तीच, पण आठवडाभर बसून-उभं राहून दाब लिहून आणायचाय. दोन्ही जेवणांत एकेक ज्वारीची भाकरी परत आली. मळमळ गेली, जेवण जातंय. पण तीन दिवसांत काटा ८०.६ वरून ८२ वर! आता घरात नवा वाद: "भाकरीने सगळं पाण्यात गेलं."

दशांश
पाण्यातच गेलं, अगदी शब्दशः. एका ३० ग्रॅम पिठाच्या भाकरीत २०-२२ ग्रॅम कार्ब्ज, दिवसाच्या दोन म्हणजे ४०-४५, तीन दिवसांत १२०-१३५. त्यातून १०० ग्रॅमच्या आसपास ग्लायकोजेन भरलं तर पाण्यासकट ४०० ग्रॅम. ग्लिफ्लोझिन स्वतः लघवी वाढवून पाणी कमी ठेवते, ती थांबल्यावर तेही परत येतं. शिवाय आता जेवण जातंय म्हणजे पोटात अन्न आहे. १.४ किलोचा हिशेब जुळला.

शीटमध्ये त्या तारखेला आडवी रेघ मारा, शेऱ्यात "गोळी बंद, भाकरी सुरू" लिहा. रेघेच्या आधीची सरासरी नंतरच्या सरासरीशी ताडायची नाही. आठ-दहा दिवस नुसते आकडे भरा, तोवर पाणी स्थिरावेल; त्यानंतरचा पहिला पूर्ण आठवडा हा नवा पाया. कंबर मात्र जुनीच मालिका पुढे चालवा, तिच्यावर या पाण्याचा परिणाम कमी असतो.

मीठभाकर
भाकरी परत आली तरी ८० ग्रॅम प्रोटीन सोडू नका. ताटात आधी मासा किंवा पनीर, मग भाजी, भाकरी शेवटी. जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजून तीन-चार दिवस लिहा, पुढच्या भेटीत गोळी बदलताना डॉक्टरांना तेच लागणार आहे. व्हेचा स्कूप सोमवार-गुरुवारपुरता ठेवा, बाकी दिवशी गरज नाही.